गाडी कंपनीची, वायर आपल्या घरची



मागच्या हिवाळ्यात आठ दिवस सापगावला ताईकडे जाऊन राहिलो. शहापूरहून मुरबाडकडे निघाले की भातसा नदीचा पूल लागतो, तेच हे सापगाव. दाजी एस.टी.त ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन आता आठ-नऊ वर्षे झाली. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे माझी भाची, पडघ्याच्या बाजूला एका गोदामाच्या कंपनीत नोकरीला आहे. आधी संगणकावर मालाची नोंद करायची, मग सुपरवायझर झाली, आता मॅनेजर आहे. कंपनीने तिला सांगितले की, तुमच्या हुद्द्याला गाडी मिळते, आणि यंदापासून आपण विजेवर चालणारीच गाडी देतो. घरी चार्जर बसवायला माणूसही पाठवतो.

घरात आनंदीआनंद झाला. ज्या घराने जन्मभर दुसऱ्यांची चाके फिरवली, त्या घरासमोर आता आपली चाके उभी राहणार! दाजी काही बोलले नाहीत. ते अंगणात जाऊन गाडी कुठे उभी राहील, वळेल कशी, हे पावलांनी मोजत बसले. ताईने मात्र मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, तू कारखान्यात इलेक्ट्रिकच्या खात्यात होतास ना? आपल्या घराच्या वायरींना हे झेपेल का रे?"

ताईचा हा प्रश्न लाखमोलाचा होता. आजच्या लेखाचा विषयही तोच आहे. आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "आमच्या घरी कुठली आली कंपनीची गाडी?" तरीही शेवटपर्यंत वाचा. कारण या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट गाडी नसलेल्या घरासाठीच आहे.

आधी कागद, मग किल्ली

पहिला प्रश्न दाजींनी विचारला. "पोरी, गाडी कुणाच्या नावावर?"

भाची म्हणाली, "बाबा, कंपनी देतेय म्हणजे कंपनीच्याच ना."

तिने कागद आणून दाखवले तेव्हा कळले की गाडी कंपनीच्याही नावावर नाही. ती गाड्या भाड्याने देणाऱ्या एका तिसऱ्याच संस्थेच्या नावावर राहणार. कंपनी त्या संस्थेला दरमहा भाडे देणार आणि ते भाडे भाचीच्या पगारातून कापणार. याला लीज म्हणतात. चार वर्षांचा करार. चार वर्षांनी ठरलेली रक्कम भरली तर गाडी आपली, नाही तर परत. अशी पद्धत आता बऱ्याच कंपन्यांत आहे आणि त्यात वाईट काही नाही. नवी गाडी घ्यायला एकरकमी पैसा लागत नाही, विमा आणि सर्व्हिसिंग बहुधा हप्त्यातच धरलेले असते. पण "कंपनीने गाडी दिली" आणि "कंपनीने आपल्या पगारातून गाडी भाड्याने घेऊन दिली" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी पाच गोष्टी हिशेबनिसाकडून लेखी विचारून घ्याव्यात. एक, हप्ता पगाराच्या कोणत्या भागातून कापणार? भत्त्यातून कापला तर ठीक. पण त्यासाठी मूळ पगारच कमी करून दाखवला, तर प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी दोन्ही कमी होतात. आज गाडीत बसायचे आणि म्हातारपणी पायी चालायचे, असा तो सौदा होतो. दोन, मध्येच नोकरी सोडली किंवा कंपनीनेच काढले तर उरलेल्या हप्त्यांचे काय? बऱ्याच करारांत मुदतीआधी गाडी परत केल्यास मोठी रक्कम भरावी लागते. तीन, गाडीच्या सुविधेची किंमत पगारात मिळवून तिच्यावर किती आयकर लागेल? चार, अपघात झाला तर विम्यापलीकडचा खर्च कोणाचा? आणि पाच, घरी बसवलेला चार्जर व त्याची वायर कोणाच्या मालकीची, आणि गाडी परत गेल्यावर ती काढून नेणार की राहणार?

भाचीने हे पाचही प्रश्न कागदावर लिहून नेले. चौथ्या दिवशी उत्तरे आली. हप्ता भत्त्यातून जाणार होता. नोकरी सोडल्यास तीन महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम भरावी लागणार होती. चार्जरची पेटी कंपनीची. पण मीटरपासून पेटीपर्यंतची वायर, स्विच आणि अर्थिंग यांचा खर्च घरमालकाने करायचा.

दाजी हसले. म्हणाले, "म्हणजे गाडी जाईल, वायर आपल्याकडेच राहील. मग वायर चांगलीच टाकू."

एवढ्या एका वाक्यात त्यांनी सगळे सांगून टाकले.

आजोबांच्या नावाचे मीटर

आता विजेकडे वळू. तुमच्या महावितरणच्या बिलावर मंजूर भार असा एक आकडा छापलेला असतो. बहुतेक लोक बिलाची रक्कम पाहतात, हा आकडा कोणी पाहत नाही. ताईच्या बिलावर तो होता अर्धा किलोवॅट. म्हणजे ज्या काळी घरात दोन दिवे आणि एक पंखा होता, त्या काळचा. आता फ्रिज, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटार सगळे आहे, पण कागदावर घर अजून दोन दिव्यांचेच!

विजेची गाडी घरी दोन तऱ्हांनी चार्ज करता येते. पहिली म्हणजे गाडीसोबत मिळणारी केबल मोठ्या तीन पिनांच्या, म्हणजे १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायची. ती साधारण ३ किलोवॅट वीज ओढते. एखादा गीझर रात्रभर चालू ठेवल्यासारखेच ते आहे. दुसरी म्हणजे भिंतीवर बसवायची पेटी, ती ७.२ किलोवॅटची असते. टाटाची टिआगो ही लहान गाडी घेतली, तर तिच्या मोठ्या बॅटरीत २४ युनिट वीज मावते. ती पहिल्या तऱ्हेने भरायला आठ-नऊ तास लागतात, दुसऱ्या तऱ्हेने साडेतीन-चार. रात्री आठला लावून सकाळी सहाला काढायची असेल, तर पहिली तऱ्हा पुरेशी आहे. शेजाऱ्याकडे मोठी पेटी आहे म्हणून आपल्याकडेही हवी, असे नाही. ती बसवायची तर मंजूर भारही तेवढा वाढवावा लागतो, आणि भाराबरोबर स्थिर आकार व अनामत यांचाही विचार करावा लागतो.

भाचीची गाडी थोडी मोठी होती, तरी आम्ही साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरच थांबायचे ठरवले. त्यासाठी भार वाढवून घेण्याचा अर्ज करायला गेलो, तर मीटर निघाले दाजींच्या वडिलांच्या नावावर. त्यांना जाऊन वीस वर्षे होऊन गेली. वीस वर्षे त्यांच्याच नावाने बिल येत होते आणि दाजी भरत होते. आपल्या किती घरांत असे असेल!

नाव बदलायचे तर मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती आणि बाकीच्या वारसांची संमती हवी. दाजींचे धाकटे भाऊ कल्याणला असतात. त्यांना फोन केला तर ते गप्प झाले. मग म्हणाले, "दादा, मीटर नावावर करून पुढे घरही नावावर होणार का?"

वाचकहो, याच ठिकाणी भावाभावांत वितुष्ट येते. म्हणून नीट समजून घ्या. वीज मीटरवर नाव असणे म्हणजे घराची मालकी मिळणे नव्हे. बिल कोण भरणार, एवढाच त्याचा अर्थ. घर आणि जागा यांचा वारसा वेगळ्या कागदांवर ठरतो. दाजींनी भावाला घरी बोलावले, जेवू घातले, आणि संमतीपत्रातच एक वाक्य लिहिले की या नावबदलाने घरातील कोणाच्याही हिश्शाला बाध येत नाही. भावाने आनंदाने सही केली. जाताना म्हणाला, "आमच्याकडेही बाबांच्या नावाचं एक पासबुक पडलंय, तेही उरकून घेऊ."

कायदाही आता ग्राहकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. केंद्र सरकारने वीज ग्राहक हक्क नियम २०२० मध्ये केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांत दुरुस्ती केली. त्यानुसार पूर्ण अर्ज दिल्यावर ग्रामीण भागात नवी जोडणी देण्यास किंवा आहे ती बदलून देण्यास १५ दिवसांची मुदत आहे. गाडी चार्ज करण्यासाठी कोणाला वेगळी जोडणी हवी असेल, तर तीही मागता येते. अर्ज दिला की पोच घ्यावी, आणि पोच जपून ठेवावी. तोंडी "बघू, करू" यावर विसंबून राहू नये.

तिसरे भोक

आता मूळ गोष्टीकडे येतो.

ठरल्या दिवशी एजन्सीचा माणूस आला. तरुण पोरगा, कामाला चपळ. ओसरीवरच्या जुन्या मोठ्या सॉकेटला त्याने तपासणीची केबल लावली. केबलवरच्या डब्यावर हिरवा दिवा लागायला हवा होता, लागला लाल. त्याने पिन काढून पुन्हा लावली. पुन्हा लाल.

"अर्थिंग नाही," तो म्हणाला.

तीन पिनांच्या सॉकेटला तीन भोके असतात. खालच्या दोन भोकांपैकी एकात फेज, म्हणजे जिवंत तार, आणि दुसऱ्यात न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची वाट. वरचे जाड भोक अर्थिंगचे. त्याची तार घराबाहेर जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलेली असली पाहिजे. यंत्रात बिघाड होऊन त्याच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता या तारेने जमिनीत जावी, यासाठी ही सोय. आम्ही सॉकेट उघडले. वरच्या भोकामागे तारच नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी वायरिंग करणाऱ्याने दोनच तारा आणल्या होत्या. तिसरे भोक नुसते शोभेचे.

पोरगा म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. न्यूट्रलवरून एक छोटा तुकडा अर्थच्या पिनला मारतो, लगेच हिरवा लागेल. सगळीकडे असंच करतात."

मी म्हणालो, "बाळा, थांब. बाहेर खांबावर न्यूट्रल तुटली तर?"

तो थांबला. त्याला उत्तर माहीत होते, मी ते ताई-दाजींसाठी मोठ्याने सांगितले. तुम्हीही लक्षात ठेवा. पावसात, वाऱ्यात खांबावरची न्यूट्रल तार तुटणे ही आपल्या भागात नवलाची गोष्ट नाही. ती तुटली की घरातला दिवा, फ्रिज यांतून परत जायला निघालेल्या विजेला वाट उरत नाही. मग ती त्या छोट्या तुकड्यातून अर्थच्या पिनेत येते आणि पिनेतून गाडीच्या पत्र्यात. गाडी रबरी चाकांवर उभी, त्यामुळे वीज जमिनीत जात नाही, वाट पाहत बसते. पहाटे ओल्या अंगणातून अनवाणी येऊन जो कोणी दाराला हात लावील, त्याच्या अंगातून ती जमिनीत जाते. २३० व्होल्ट. तो माणूस भाची असेल, दाजी असतील, नाही तर गाडीशी खेळायला आलेले शेजारचे पोर असेल.

चार्जरने लाल दिवा दाखवला, तो आपल्या रक्षणासाठी. राखणदाराने हाक दिली तर त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा नसतो.

भाची त्या पोराला म्हणाली, "दादा, आज काही करू नकोस. तुझी फेरी फुकट गेली असं लिहू नकोस, 'घराचे अर्थिंग अपुरे, काम थांबवले' असं लिही. मी सही करते." त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे दिसले. त्यालाही दिवसाला इतकी घरे पुरी करायची असतात. घाई त्याची एकट्याची नसते, वरून आलेली असते.

दुसऱ्या दिवशी शहापूरहून परवानाधारक ठेकेदार आणला. घरामागे, पाणी मुरते अशा जागी, दाजींनी आणि पुतण्यांनी मिळून आठ-नऊ फूट खड्डा खणला. त्यात अर्थिंगचा पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वर पाणी ओतायला नरसाळे आणि झाकणाची सिमेंटची कुंडी बसवली. कोळसा-मीठ कशाला? जमिनीत ओल टिकावी आणि वीज सहज मुरावी म्हणून. उन्हाळ्यात या कुंडीत अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे लागते, नाही तर जमीन वाळून अर्थिंग कमजोर होते. ठेकेदाराने यंत्र लावून मोजले, रोध पाच ओहमच्या आत आला. काम चांगले झाल्याची ती खूण.

मग मीटरपासून थेट ओसरीपर्यंत गाडीसाठी स्वतंत्र तांब्याची वायर टाकली, ४ चौरस मिलिमीटर जाडीची, पाइपातून. भिंतीवरची ७.२ किलोवॅटची पेटी असती तर ६ ची टाकावी लागली असती. तिला वेगळा एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. लावला. एम.सी.बी. वायर जळण्यापासून वाचवतो, आर.सी.सी.बी. माणसाला वाचवतो. वीज कुठे गळू लागली की क्षणात तो प्रवाह तोडतो. त्याच्यावर एक लहान बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे पाहावे. सॉकेट जमिनीपासून चार फूट वर बसवला, वर पत्र्याचे छप्पर केले. एक्स्टेन्शन बोर्डाला गाडी कधीही लावायची नाही, हे घरातल्या सर्वांना बजावले. तीन किलोवॅट आठ तास म्हणजे सैल जोड वितळायला पुरेसा वेळ.

आणि मी हट्ट धरला म्हणून त्याच अर्थिंगची तार घरातल्या प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत नेली. फ्रिज, मिक्सर, मोटार, इस्त्री, सगळ्यांच्या तिसऱ्या भोकामागे तार आली.

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात गेली. फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग बाहेर येऊन म्हणाली, "भाऊ, फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या. पाच वर्षं मी स्वयंपाकघरात रबरी चप्पल घालून वावरतेय. मला वाटायचं फ्रिज जुना झाला म्हणून."

पाच वर्षे! आणि तिने ते कोणाला सांगितलेही नव्हते. बायका घरातल्या अशा कितीतरी गोष्टी चप्पल घालून निभावून नेतात.

गाडी अजून दारात आली नव्हती. पण त्या दिवशी ताईने स्वयंपाकघरातली चप्पल काढून बाहेर ठेवली.

हिशेब

गाडी आली. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे, म्हणजे खासगी वापराची विजेची गाडी. भाड्याने चालणारीची अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या अक्षरांची गाडी कोणी "दोन फेऱ्या मारून चार पैसे मिळव" म्हणून भाड्याने चालवायला सांगितले तर नकार द्यावा, अपघात झाल्यास विमा अडतो.

आता खर्च पाहू. सापगाव ते पडघा जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सुमारे १६०० किलोमीटर. लहान-मध्यम गाडीला चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला १५ युनिट लागतात असे समजा. महिन्याचे झाले २४० युनिट.

इथे एक खाचखळगा आहे. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून बरीच महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग. ताईच्या घरचा वापर महिन्याला ९० युनिट, म्हणजे ती पहिल्या टप्प्यातच होती. गाडीचे २४० मिळवले की ३३० होतात. त्यामुळे गाडीच्या युनिटांपैकी दहाच पहिल्या टप्प्यात बसतात, दोनशे दुसऱ्यात आणि तीस तिसऱ्यात. "युनिटला अमुक रुपये" असा पहिल्या टप्प्याचा दर सांगून कोणी हिशेब मांडला तर तो अर्धवट आहे. वहनाचा आकार आणि शुल्क धरून सरासरी साडेतेरा रुपये युनिट धरले तर गाडीचा महिन्याचा खर्च सव्वातीन हजारांच्या घरात जातो. तेवढ्याच अंतराला १८ च्या सरासरीची पेट्रोल गाडी ८९ लिटर खाईल. लिटरला शंभर रुपये धरले तरी ८,९०० रुपये. म्हणजे महाग टप्पा धरूनही खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आपल्या बिलाच्या मागे छापलेले दर घालून हा हिशेब घरच्या घरी मांडून पाहा. शाळेत जाणाऱ्या मुलालाच सांगा, त्याचे गणितही होईल.

आणखी एक. वाढीव बिल दाजींच्या नावावर येते, गाडी भाचीची. म्हणून पहिल्याच महिन्यात ठरवून टाकले की, गाडीचे युनिट किती हे मोजायला वायरवर एक लहान मीटर लावायचा आणि तेवढे पैसे भाचीने द्यायचे. घरातल्या घरात कसला हिशेब, असे म्हणू नका. उद्या भाचीचे लग्न होईल, धाकट्याची बायको येईल. स्पष्ट हिशेबाने नाती टिकतात.

ज्यांच्या घरावर चांगले छप्पर आहे, त्यांनी केंद्राच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेची चौकशी करावी. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक किलोवॅटच्या सौर संचाला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅट संच महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे युनिट देतो. महाग टप्प्यातली युनिटे त्याने कमी होतात.

राज्य सरकारनेही एप्रिल २०२५ मध्ये विजेच्या वाहनांचे नवे धोरण मंजूर केले. त्यात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी ठरली. समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तो आपल्या शहापूर तालुक्यातूनच जातो. मात्र ही माफी त्या ठरावीक रस्त्यांपुरती आहे, प्रत्येक नाक्यावर ती आहे असे समजू नये.

पाऊस आणि पूल

दाजींना एकच काळजी होती. "पावसाळ्यात भातसाचे दरवाजे उघडले की पुलाला इशारा येतो. पाण्यात ही गाडी चालेल का?"

विजेच्या गाडीची बॅटरी बंदिस्त असते, पावसात चालवायला आणि चार्ज करायलाही ती सुरक्षित आहे. पण वाहत्या पाण्यात कुठलीच गाडी घालू नये, पेट्रोलची नाही आणि विजेचीही नाही. गाडी बंद पडणे दूरच, पाणी ती उचलून नेते. आमच्या दाजींनी एस.टी. चालवताना पुलावर पाणी दिसले की प्रवाशांच्या शिव्या खाऊन गाडी उभी केली, एकदाही पाण्यात घातली नाही. तोच नियम त्यांनी मुलीला घालून दिला. शिवाय वादळात वीज दोन-दोन दिवस जाते, म्हणून जून ते सप्टेंबर गाडी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही.

एका संध्याकाळी दाजी गाडीत बसले. चालू केली, आवाज नाही. म्हणाले, "चालू झाली का?" भाची म्हणाली, "केव्हाच." पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली, आणि विजेवरची 'शिवाई' त्याच मार्गावर १ जून २०२२ ला सुरू झाली, हे दाजींना तोंडपाठ आहे. म्हणाले, "आमच्या नोकरीत ही नव्हती. कानाने गिअर टाकायची सवय, आता कानाला कामच नाही." पण मुरबाडच्या रस्त्याला लागले तेव्हा चेहरा खुलला होता.

शेवटी एवढेच

आपला शहापूर तालुका तानसा आणि भातसा या धरणांचा. इथले पाणी मुंबईला जाते, भातसा धरणाच्या पायथ्याशी वीजही तयार होते. तरी इथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, आणि देशाच्या विजेचे नियोजन त्यांच्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय कारखाने नाहीत आणि कारखान्यांशिवाय गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. त्या विजेवर आपल्या लेकी-सुना आता गाडी चालवू लागल्या, ही आनंदाची गोष्ट. पण वीज घरात आली म्हणजे ती सुरक्षितही आली, असे नाही. अर्थिंगवाचून चालणारी घरे आपल्या वस्त्यांत कमी नाहीत.

म्हणून गाडी असो वा नसो, या रविवारी एवढे करा. बिलावर नाव कोणाचे आणि मंजूर भार किती ते वाचा. घरातल्या कोणत्या वस्तूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, हे घरातल्या बाईला विचारा. तिला नक्की माहीत असते. आणि ओळखीच्या जाणत्या परवानाधारक वायरमनला बोलावून प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तार आहे का ते तपासून घ्या. स्वतः सॉकेट उघडू नका.

भाचीची गाडी चार वर्षांनी राहील की परत जाईल, हे तेव्हाचे तेव्हा. घरामागची ती कुंडी मात्र राहणार आहे. दाजी दर रविवारी तिच्यात बादलीभर पाणी ओततात. शेजारी विचारतात, "काय लावलंय तिथं?" दाजी म्हणतात, "घराची मुळं."

जयभीम.